प्रवाळांभोवती रेघ कुठे ओढायची?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रवाळ वाचवण्यासाठी समुद्रात राखीव क्षेत्र कसे आखतात, याविषयी प्रश्न मागवले होते. बरीच पत्रे सिंधुदुर्गातून आली आणि ते साहजिक आहे, कारण मालवणचे सागरी अभयारण्य तिथेच आहे. निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत.

मालवणला स्नॉर्केलिंग केले. अंदमानच्या फोटोंसारखे काही दिसले नाही. गढुळ पाण्यात खडकाला चिकटलेले तपकिरी-हिरवे गोळे तेवढे होते. यांनाच प्रवाळ म्हणायचे का? आणि एवढ्याशासाठी अभयारण्य कशाला?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

हो, तेच प्रवाळ. पोराइट्स, फेवाइट्स, गोनिआस्ट्रिया, टर्बिनारिया या प्रजातीसमूहांतले प्रवाळ सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडपांवर, म्हणजे समुद्रातल्या खडकाळ भागांवर, वाढतात. अंदमान-लक्षद्वीपला प्रवाळांनी स्वतःच्या चुन्याने हजारो वर्षांत भिंती उभ्या केल्या आहेत. मालवणला तसे नाही. इथे खडक आधीपासूनचा आहे आणि प्रवाळ त्यावर बसलेले आहेत. पावसाळ्यात गड आणि कर्ली नद्यांचे गोडे पाणी आणि गाळ समुद्रात उतरतो, प्रकाश कमी होतो, लाटा आपटतात. अशा जागी फांद्यांचे नाजूक प्रवाळ टिकत नाहीत. चपटे, गोलसर आणि थर देणारेच तग धरतात.

अभयारण्य कशाला, याचे उत्तर त्या गोळ्यांच्या आसपास आहे. गोब्रा, तांबोशी हे मासे आणि शेवंड (लॉबस्टर) यांची पिल्ले याच कपारींत वाढतात. खडप उजाड झाले की जाळ्यातला मासा त्या मागोमाग कमी होतो. आणि जिथे खऱ्या प्रवाळभित्ती आहेत तिथे जमीनसुद्धा त्यांच्यावर टेकलेली असते. तामिळनाडूत मन्नारच्या आखातातल्या राष्ट्रीय उद्यानात २१ बेटे धरली होती. त्यांपैकी दोन पाण्याखाली गेली. चुन्यासाठी आणि बांधकामासाठी वर्षानुवर्षे झालेला प्रवाळांचा उपसा हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते.

अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. आम्हा मच्छीमारांना तेव्हाही भीती होती, आजही आहे: एकदा रेघ मारली की हळूहळू सगळीच मासेमारी बंद होणार. कायदा नक्की काय म्हणतो? आणि रेघ मारायचीच असेल तर आमचे म्हणणे तिच्यात कसे उतरेल?
— पारंपरिक मच्छीमार, मालवण

तुमची भीती निराधार नाही, म्हणून कायद्यापासूनच सुरुवात करू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय उद्यानात स्थानिकांचे हक्क शिल्लक राहत नाहीत. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात. जमीन अभयारण्यात घेताना जिल्हाधिकारी स्थानिक भाषेत जाहीरनामा काढतात आणि हक्क मांडायला दोन महिने देतात. समुद्राच्या पाण्याला मात्र ही पायरी लागत नाही. १९९१ च्या दुरुस्तीने आलेले कलम २६-अ प्रादेशिक समुद्राचा भाग थेट अधिसूचनेने अभयारण्यात घेऊ देते. त्या बदल्यात त्याच कलमात तीन अटी आहेत: केंद्र सरकारची पूर्वसंमती, नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी सल्लामसलत करून हद्द ठरवणे, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हिताच्या रक्षणासाठी पुरेसे उपाय आधी करणे. शिवाय अशा पाण्यातून होड्यांना निरुपद्रवी ये-जा करण्याचा हक्क अबाधित राहतो. मालवणची अधिसूचना या दुरुस्तीच्या चार वर्षे आधीची आहे. म्हणून हद्दीचा किंवा व्यवस्थापन आराखड्याचा फेरविचार जेव्हा जेव्हा निघेल, तेव्हा ही तिसरी अट लेखी पुढे ठेवा.

आता आकडे. अभयारण्याचे एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यात गाभा ३.१८२ आणि उरलेले २५.९४ बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे खडप गाभ्यात येतात. पूर्ण मासेमारीबंदी आणि प्रवाळ यांचा खरा संबंध या छोट्या भागाशी आहे. बफरात प्रश्न ‘मासेमारी हवी की नको’ असा नसून ‘कोणत्या साधनाने’ असा असतो. गळाने मासे धरणारी होडी आणि तळ खरवडणारा ट्रॉलर यांना एकाच नियमात बांधणे चुकीचे आहे. असा नियम पाळलाही जात नाही.

तुमचे म्हणणे नकाशात उतरवायचे तर ते नकाशावरच मांडावे लागते. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा सागरी नकाशा मोठा छापून घ्या आणि त्यावर पारदर्शक कागद पसरा. प्रत्येक मासेमारी-जागेसाठी पाच गोष्टी लिहा: साधन कोणते, महिने कोणते, खोली किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट), कोणत्या वाडीच्या होड्या, आणि वारा फिरला तर आडोसा कुठे. शेवटची गोष्ट हमखास राहून जाते. मग वाऱ्यावादळात आसऱ्याला जाणारी होडी कागदोपत्री गुन्हेगार ठरते.

बैठका वेगवेगळ्या घ्या. रापणकारांची (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्यांची) वेगळी, गळवाल्यांची वेगळी, पर्यटन होड्यांची वेगळी. कालवे आणि तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या बायकांची तर नक्कीच वेगळी. त्यांची जागा किनाऱ्यालगत असते आणि सरकारी नोंदीत त्यांना मच्छीमार म्हणून क्वचित धरले जाते. सगळे एका सभेत बसले की मोठ्या नौकांचे मालक बोलतात आणि बाकीचे ऐकतात.

हे कागद प्रवाळांच्या नकाशावर ठेवले की भांडणाचा बराच भाग आपोआप गळतो. रापण वाळूवर ओढतात. खडपात ओढली तर जाळे फाटते. प्रवाळ खडपावर असतात. म्हणजे या दोन जागा बहुतेक ठिकाणी एक नाहीतच. जिथे त्या खरोखर एकमेकींवर येतात, तेवढ्याच तुकड्यांवर वाटाघाटी करायच्या असतात. मच्छीमार प्रवाळांच्या आड येतात हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. आड येते ती न विचारता ओढलेली रेघ.

राखीव क्षेत्र किती मोठे हवे? कोणी जगातला ३० टक्के समुद्र म्हणतो, कोणी म्हणतो छोटेसे राखले तरी पुरे.
— प्राध्यापक, रत्नागिरी

३० टक्के हे डिसेंबर २०२२ मध्ये कुनमिंग-माँट्रियल करारात ठरलेले २०३० पर्यंतचे जागतिक उद्दिष्ट आहे. एखाद्या खाडीपुढची रेघ त्यावरून काढता येत नाही. ती माशाच्या फिरण्यावरून काढायची.

नियम असा: ज्या माशाला वाचवायचे तो मोठा झाल्यावर रोज जितक्या पट्ट्यात फिरतो, त्याच्या निदान दुप्पट रुंदी सर्व बाजूंनी हवी. खडपातले बारके मासे आयुष्यभर शे-दोनशे मीटर सोडत नाहीत. पोपट मासा, गोब्रा यांच्यासारखे काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत. सुरमई तर किनाऱ्याकिनाऱ्याने फिरते. तिला कुठल्याही प्रवाळ अभयारण्यात कोंडता येणार नाही. तिच्यासाठी जाळ्याचे आस (छिद्रांचा आकार) आणि बंदीचा काळ हीच साधने.

आकाराइतकाच घाटही महत्त्वाचा. मालवणच्या गाभ्याएवढे, म्हणजे ३.१८२ चौरस किलोमीटर क्षेत्र चौकोनी धरले तर बाजू साधारण १.८ किलोमीटर आणि परीघ सुमारे ७ किलोमीटर येतो. कडेपासून ३०० मीटर आतला भाग खरा सुरक्षित मानला तर सुमारे १.४ चौरस किलोमीटर उरतो. आता तेवढेच क्षेत्र किनाऱ्यालगत २०० मीटर रुंद पट्टा म्हणून आखा. लांबी १६ किलोमीटर, परीघ ३२ किलोमीटर, आणि कडेपासून ३०० मीटर आत असलेली जागा शून्य. कागदावर दोन्ही क्षेत्रे सारखीच दिसतात. राखणीचा खर्च मात्र परिघाप्रमाणे वाढतो.

छोट्याची बाजूही खरी आहे. फिलिपिन्समधल्या आपो बेटावर १९८२ पासून प्रवाळक्षेत्राचा जेमतेम १० टक्के भाग राखीव आहे. सिलिमन विद्यापीठाचे आंजेल अल्काला आणि ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कुक विद्यापीठाचे गॅरी रस यांनी तिथे वर्षानुवर्षे मोजणी केली. १९८३ ते २००१ या काळात राखीव भागातला सर्जनफिश आणि कॅरँजिडी या दोन कुळांतल्या माशांचा एकूण भार तिप्पट झाला. बाहेरही रेघेपासून २००–२५० मीटरवर मासे वाढले, त्याहून लांब तितके नाहीत. म्हणजे आतला मासा बाहेर ओसंडतो, पण शेजारच्या पाण्यात. पुढच्या तालुक्यात नाही. त्याच देशातल्या सुमिलोन बेटावर १९७४ ची बंदी १९८४ मध्ये मोडली आणि दोन वर्षांच्या आत बेटावरची एकूण पकड निम्म्याहून खाली आली. दहा वर्षांची कमाई एवढ्यात संपते.

आपोच्या गोष्टीला उत्तरार्धही आहे. डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२ मध्ये लागोपाठ दोन वादळे आली आणि बेटाच्या एका अंगाला असलेल्या त्या राखीव भागातले प्रवाळ चिरडून गेले. म्हणून एकच तुकडा कधीही पुरेसा मानू नये. प्रत्येक प्रकारच्या तळाचे निदान तीन तुकडे, वाऱ्यालाटेच्या वेगवेगळ्या अंगांना, राखावेत. दोन तुकड्यांत १ ते १५ किलोमीटर अंतर ठेवावे आणि तुकडे लहान असतील तर ते जवळजवळ असावेत. प्रवाळांच्या आणि माशांच्या अळ्या पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे रुजतात; हे अंतर त्यांच्या प्रवासासाठी असते.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानात हाच विचार मोठ्या प्रमाणावर झाला. त्यांनी प्रवाळांचे आणि इतर तळांचे मिळून ७० जैवविभाग पाडले आणि प्रत्येकाचा निदान २० टक्के भाग पूर्ण मासेमारीबंदीत घेतला. १ जुलै २००४ पासून ही रचना लागू झाली आणि असा ‘हिरवा’ भाग ५ टक्क्यांच्या आतून ३३ टक्क्यांवर गेला. एकूण टक्केवारीपेक्षा ‘प्रत्येकाचा २० टक्के’ ही अट मोलाची. ती नसती तर ज्या पाण्यावर कोणाचाच डोळा नाही तेच राखून आकडा गाठता आला असता.

आणखी एक पक्की मोजपट्टी आहे. जगभरातल्या ८७ सागरी संरक्षित क्षेत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच गुण तपासले होते: पूर्ण मासेमारीबंदी, कडक राखण, दहा वर्षांहून अधिक वय, शंभर चौरस किलोमीटरहून अधिक आकार, आणि खोल पाण्याने किंवा वाळूने इतर खडपांपासून तुटलेले असणे. यांपैकी एक-दोनच गुण असलेली क्षेत्रे आणि खुला समुद्र यांच्यात माशांच्या बाबतीत फरकच दिसला नाही. चार-पाच गुण जमलेल्या क्षेत्रांत तो ठळक होता. मालवणसारख्या ठिकाणी आकार आणि एकांत आपल्या हाती नाही. उरलेले तीन गुण आहेत. त्यांत तडजोड करू नये.

आमच्या संस्थेकडे चार डायव्हर आहेत, पैसा थोडा आहे. नियोजनाआधीची पाहणी कशी करावी?
— डायव्हिंग प्रशिक्षक, वेंगुर्ले

आधी परवानगी. अभयारण्याच्या हद्दीत शास्त्रीय अभ्यासासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. हद्दीबाहेरसुद्धा खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत; नमुन्यासाठी टवका काढणे हाही गुन्हा आहे. फोटो काढा आणि तेवढ्यावर काम करा.

वेळ डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यातही भांगाच्या, म्हणजे सर्वांत कमी चढउताराच्या, भरतीचे दिवस धरा. उधाणाला पाणी जोरात ओढते आणि तळाचा गाळ उठतो. एकाच खोलीवर सरळ रेषेत टेप पसरा: २० मीटरचे चार तुकडे, मधे ५-५ मीटर मोकळे. प्रत्येक तुकड्यावर दर अर्ध्या मीटरला टेपखाली नेमके काय आहे ते नोंदवा: जिवंत प्रवाळ, नुकताच मेलेला, शैवाल, स्पंज, खडक, वाळू, गाळ. एका तुकड्याला ४० बिंदू, एकूण १६०. त्याच टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर पट्ट्यातले मासे आणि शेवंडी मोजा. मासे मोजणारा आधी जातो, टेपवरचे बिंदू वाचणारा नंतर. उलट केले तर मासे पळालेले असतात.

तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला: चांगली दिसणारी जागाच टेप टाकायला निवडली जाते. जागा नकाशावर आधी चिठ्ठी टाकून ठरवा, मग तिथे जे असेल ते मोजा. दुसरा: दोन डायव्हर एकाच गोष्टीला दोन नावे देतात. पहिले दोन दिवस दोघांनी एकच टेप स्वतंत्रपणे वाचावा आणि जिवंत प्रवाळाचे आकडे जुळेपर्यंत खरी पाहणी सुरू करू नये. तिसरा घोटाळा सर्वांत महाग पडतो: पाहणी फक्त राखीव होणाऱ्या जागेची होते. बाहेरच्या, तशाच खोलीच्या आणि तशाच खडपाच्या निदान तितक्याच जागा त्याच महिन्यात मोजा. नाहीतर पाच वर्षांनी आत मासे वाढले तर ते बंदीमुळे की त्या वर्षी सगळीकडेच चांगले होते, हे कोणालाही सांगता येणार नाही.

उपग्रहाचे काय, असेही तुम्ही विचारले आहे. सेंटिनेल-२ ची चित्रे फुकट मिळतात, १० मीटरपर्यंतचा तपशील देतात आणि लक्षद्वीपच्या स्वच्छ लगूनमध्ये (प्रवाळभित्तीआडच्या उथळ पाण्यात) उत्तम चालतात. मालवणच्या पाण्यात दोन-तीन वावांखालचे फारसे काही दिसत नाही. तिथे होडीवरून दोरीने सोडलेला कॅमेरा आणि जीपीएस यांवरच भर द्यावा लागेल.

नियोजनासाठी ‘मार्क्सन’ नावाचे सॉफ्टवेअर वापरतात म्हणे. मग लोकांना विचारायची गरज काय?
— संगणक अभियंता, पुणे

क्वीन्सलँड विद्यापीठात इयन बॉल आणि ह्यू पॉसिंगहॅम यांनी बनवलेले हे सॉफ्टवेअर एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर देते: ठरवलेली सगळी उद्दिष्टे कमीत कमी खर्चात पुरी करणारे चौकोन कोणते? उद्दिष्टे तुम्ही द्यायची. ‘खर्च’ म्हणजे काय, तेही तुम्हीच सांगायचे. तिथेच चूक होते. खर्चाच्या जागी नुसते क्षेत्रफळ भरले तर सॉफ्टवेअर गावाची सर्वांत चांगली मासेमारीची जागा बिनदिक्कत उचलते, कारण त्याच्या लेखी ती इतर चौकोनाएवढीच स्वस्त असते. वर सांगितलेल्या बैठकांतली माहिती खर्च म्हणून भरावी लागते. ती माहिती लोकांकडेच असते.

हद्दीच्या लांबीचा गुणक शून्य ठेवला तर तुकड्यातुकड्यांची रांगोळी मिळते आणि ती राखता येत नाही. तो वाढवत न्या. लांबी झपाट्याने घटून खर्च थोडाच वाढतो, तिथे थांबा. एकच ‘सर्वोत्तम’ नकाशा लोकांपुढे नेऊ नका. शंभर वेळा चालवून कोणता चौकोन किती वेळा निवडला गेला, ते दाखवा. जो जवळजवळ प्रत्येक वेळी येतो त्याला पर्याय नाही. जो अधूनमधून येतो तिथे देवाणघेवाण शक्य आहे. ग्रेट बॅरियर रीफसाठीही हे साधन वापरले होते. तरी तिथे लोकांची ३१,००० हून अधिक निवेदने वाचली गेली आणि अंतिम रेघा माणसांनी ओढल्या.

पर्यटकांना घेऊन रोज किल्ल्यामागे जातो. नांगराने प्रवाळ मोडतात हे कळते, पण नांगर न टाकता होडी धरायची कशी? बोया बसवले होते, ते टिकले नाहीत.
— होडीमालक, तारकर्ली

टिकले नाहीत ते बहुधा तळाशी काँक्रीटचा ठोकळा असल्यामुळे. हवेत १००० किलोचा ठोकळा समुद्राच्या पाण्यात सुमारे ५७० किलोचाच भार देतो. वर लाट होडीला उचलते तेव्हा ठोकळा सरकतो, आणि नांगराने वर्षभरात झाले नसते तेवढे नुकसान एका दिवसात करतो. तळ पाहून पकड निवडा. सलग कठीण खडक असेल तर भोक पाडून त्यात सुमारे दीड फूट लांबीची, वर कडी असलेली स्टेनलेस स्टीलची खुंटी पाण्याखाली चालणाऱ्या सिमेंटने बसवतात. फ्लॉरिडात जॉन हालास यांनी ही पद्धत रूढ केली. खडकावर तळहाताएवढी जागाच लागते. प्रवाळांशेजारी वाळूचा पट्टा असेल तर त्यात स्क्रूसारखा फिरवून घालायचा नांगर उत्तम.

दोरीचे तीन भाग. तळापासून बोयापर्यंतची दोरी तरंगणारी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची, घ्या. नायलॉन बुडते आणि ओहोटीला सैल पडून प्रवाळांवर घासते. तिच्या वरच्या टोकाजवळ छोटे वजन बांधा, नाहीतर सैल दोरी पृष्ठभागावर येऊन पंख्यात अडकते. उधाणाला पाण्याची पातळी सुमारे दोन मीटर वर-खाली होते. दोरी पुऱ्या भरतीचा हिशोब धरून कापा. बोयापासून पुढे ३–४ मीटरची उचलदोरी सोडा आणि तिच्या टोकाला फास ठेवा. होडीने आपली दोरी त्या फासातून ओवायची आणि लांब सोडायची. उचलदोरी आखूड ओढून थेट होडीच्या खुंट्याला बांधली की प्रत्येक लाटेला खुंटी उभी उपटली जाते. बहुतेक खुंट्या याच एका सवयीने निघतात.

दोन बोयांमधले अंतर: दोरीची लांबी अधिक होडीची लांबी, त्याची दुप्पट. दोरी १५ मीटर आणि होडी ९ मीटर असेल तर ५० मीटर धरा. एका बोयाला एकच होडी. स्टेनलेस आणि गॅल्व्हनाइज्ड लोखंड एकमेकांना लावू नका. खाऱ्या पाण्यात गॅल्व्हनाइज्ड भाग आधी खाल्ला जातो. शॅकलची (जोडकडीची) पिन तारेने बांधून टाका. हंगामात दर पंधरवड्याला वरून आणि महिन्याला बुडी मारून तपासा, आणि मे अखेरीस बोया व दोऱ्या काढून ठेवा. खुंटी पावसाळा काढते, दोरी काढत नाही. हा सगळा देखभालीचा खर्च आराखड्यात पहिल्या दिवसापासून वेगळा दाखवला नाही तर बोया दुसरा हंगाम पाहत नाही.

पाहुण्यांना पाव-बिस्किटे माशांना घालू देऊ नका. शैवाल खाणारा मासा पावाच्या मागे लागला की खडपावरचे शैवाल चरायचे राहते. आणि पाण्यात ‘उभे राहा’ असे कोणालाही सांगू नका. उभे राहायला तिथे प्रवाळच असतो.

समुद्रच तापून प्रवाळ पांढरे पडत असतील तर या रेघेचा उपयोग काय?
— निवृत्त शिक्षक, ठाणे

रेघ उष्णता अडवत नाही. हे स्पष्ट सांगायलाच हवे. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर प्रवाळ मेले. एप्रिल २०२४ मध्ये तर जगभरातले चौथे सामूहिक विरंजन (प्रवाळ पांढरे पडणे) चालू असल्याचे जाहीर झाले. प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न देणारे सूक्ष्म शैवाल उष्णतेने बाहेर पडतात; रंग जातो आणि उपासमार सुरू होते. काही आठवड्यांत पाणी निवले तर प्रवाळ जगतो.

रेघेचा उपयोग त्यानंतर सुरू होतो. मेलेल्या सांगाड्यावर शैवालाची दाट गादी बसली तर नव्या प्रवाळाची अळी तिथे रुजू शकत नाही. ती गादी चरून जागा स्वच्छ ठेवणारे मासे असतील तरच खडप पुन्हा भरतो, आणि तेच मासे पूर्ण बंदीत वाढतात. दुसरे काम नियोजनाच्या वेळीच करायचे: खोल पाण्याजवळचे, सावलीतले, प्रवाह खेळता असलेले जे भाग मागच्या विरंजनात वाचले, ते आधी हद्दीत घ्या. जिथे आज सर्वांत सुंदर प्रवाळ आहेत तीच जागा वीस वर्षांनी टिकणारी असेल असे नाही.

इशाऱ्याची यंत्रणाही आराखड्यात लिहिलेली असावी. अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेचा ‘डिग्री हीटिंग वीक’ हा आकडा रोज फुकट मिळतो. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी निदान १ अंश जास्त तापले की ती जास्तीची उष्णता मागच्या बारा आठवड्यांसाठी बेरजेत धरतात. २ अंश जास्त, दोन आठवडे, म्हणजे ४. आकडा ४ ला पोचला की लक्षणीय विरंजन, ८ ला मृत्यू. तेव्हा ४ ला डायव्हिंग थांबेल, किनाऱ्यावरचे खोदकाम आणि गाळउपसा थांबेल, हे कोणाच्या सहीने, ते आधीच ठरलेले हवे. समुद्र तापल्यावर समिती नेमून काही वाचत नाही.

आंग्रिया बँकेवर मालवणपेक्षा कितीतरी समृद्ध प्रवाळ आहेत असे वाचले. राज्य सरकारने तिथे अभयारण्य का करू नये?
— वाचक, देवगड

कारण ते राज्याच्या हाती नाही. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे बुडालेले पठार विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर आहे. त्याचा माथा साधारण २० मीटर पाण्याखाली आहे. नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही, म्हणून पाणी स्वच्छ आणि प्रवाळ भरघोस. डिसेंबर २०१९ मध्ये राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानासह अनेक संस्थांनी मिळून तिथे पाहणी केली.

वन्यजीव कायद्याखालचे सागरी अभयारण्य प्रादेशिक समुद्रातच, म्हणजे १२ सागरी मैलांच्या (सुमारे २२ किलोमीटर) आतच होऊ शकते. आंग्रिया त्यापलीकडे, अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतल्या पट्ट्यात येते. तिथे वाट आहे ती १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याची. त्याच्या कलम ७ प्रमाणे केंद्र सरकार एखादे क्षेत्र ‘निर्देशित’ जाहीर करून सागरी पर्यावरणाच्या रक्षणासाठी तिथे नियम करू शकते.

नियोजनाचे गणितही तिथे वेगळे आहे. किनाऱ्यावरच्या खुणा दिसत नाहीत, बोया ठेवता येत नाहीत. म्हणून हद्द सरळ अक्षांश-रेखांशांची, चार-सहा कोपऱ्यांची असावी. प्रवाळाच्या कडेकडेने वळणारी रेघ जीपीएसवर कोणी पाळू शकत नाही. राखण तटरक्षक दलाच्या गस्तीतून आणि मोठ्या नौकांवरच्या ट्रान्सपाँडरमधून (नौकेचे स्थान कळवणाऱ्या यंत्रातून). भोवती खोल पाणी असल्यामुळे वर सांगितलेल्या पाच गुणांपैकी आकार आणि एकांत हे दोन्ही आंग्रियाला आपोआप मिळतात. महाराष्ट्रासमोर अशी दुसरी जागा आम्हाला माहीत नाही.

प्रवाळांचे तुकडे लावून नवे खडप तयार करता येत नाहीत का?
— वाचक, पणजी

येतात, पण कधी, ते महत्त्वाचे. ज्या कारणाने आधीचे मेले (गाळ, नांगर, सांडपाणी) ते तसेच असेल तर लावलेलेही मरतात. आधी कारण काढा, मग दोन वर्षे थांबून नैसर्गिक अळ्या रुजतात का ते पाहा. रुजत असतील तर लागवडीचा पैसा राखणीला द्या.

रेघ ओढली, बोया बसले. मासे कधी दिसतील? आणि कोणी रेघ मोडली तर आम्ही काय करायचे?
— मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद, सिंधुदुर्ग

दीर्घकाळ मोजलेल्या राखीव क्षेत्रांत, ज्या माशांची मासेमारी थांबवली ते वाढल्याचे दिसायला सरासरी सुमारे ५ वर्षे लागली. त्यांच्यामुळे बाकीच्या खडपात होणारा बदल दिसायला सुमारे १३. म्हणून तीन वर्षांच्या प्रकल्पात ‘मासे वाढले’ असा निकाल मागणे गैर आहे. तीन वर्षांत मोजायचे ते वेगळे: नांगर किती वेळा पडले, रेघ किती वेळा मोडली, किती बोया जागेवर आहेत.

रेघ मोडणाऱ्यासाठी संस्थेत एक वही ठेवा. तारीख, वेळ, जीपीएसवरचे स्थान, नौकेचा नोंदणी क्रमांक, कोणते साधन, आणि जीपीएसचा पडदा व नौका एकाच चौकटीत दिसतील असा फोटो. पाठलाग करू नका, जाळे कापू नका. मग तक्रार तुमच्यावरच उलटते. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाला कळवा, राज्याच्या वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ आहे. हद्दीबाहेर ट्रॉलर किंवा पर्ससीनचा (माशांचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याचा) नियमभंग असेल तर तो सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ खाली मत्स्यव्यवसाय विभागाकडे जातो. तक्रार कोणाकडे जाते हे स्थानावरून ठरत असल्याने वहीतला जीपीएसचा रकाना कधीही रिकामा सोडू नका.